बोअरवेलच्या गाडीवरून तेलविहिरीच्या रिगवर: आधी कुठली हत्यारं समजून घ्यावीत?

प्रश्न थोडक्यात असा. विचारणारा मुलगा लांजा तालुक्यातला, मेकॅनिकल डिप्लोमा झालेला, दोन वर्षं बोअरवेलच्या गाडीवर काम केलेला. आता समुद्रातल्या एका रिगवर ट्रेनी रिगमन म्हणून त्याची निवड झाली आहे. ‘काका, बोअरच्या गाडीत आणि तेलविहिरीच्या रिगमध्ये नेमका फरक काय? कुठली हत्यारं आधी समजून घेऊ? आणि जाताना सोबत काय नेऊ?’

मी अलिबागकडचा. समुद्रातल्या रिगांवर बत्तीस वर्षं काढली: आधी रिगमन, मग टॉपमन (मनोऱ्यावर उभं राहून पाइप सांभाळणारा), मग ड्रिलर, आणि शेवटची नऊ वर्षं टूलपुशर, म्हणजे रिगवरच्या खोदकामाचा प्रमुख. तू बोअरच्या गाडीवर काम केलं आहेस हे फार चांगलं झालं. निम्मी गोष्ट तुला हाताने माहीत आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

तुमच्या गाडीवर कॉम्प्रेसरची हवा रॉडमधून खाली जाते, हॅमर ठोकतो, बटण बिट कातळ फोडतं आणि तीच हवा चुरा वर फेकते. जांभा संपून काळा कातळ लागला की केसिंग, म्हणजे भोकाला आधार देणारा पाइप, तिथेच थांबवायची आणि पुढचं भोक उघडंच सोडायचं. कातळ स्वतःचा भार स्वतः पेलतो, आणि खाली लागलं तर पाणीच लागणार.

तेलविहिरीत या दोन्ही गोष्टींचा भरवसा नाही. मुंबई हाय मुंबईपासून साधारण १६० किलोमीटर पश्चिमेला आहे. १९७४ च्या फेब्रुवारीत ‘सागर सम्राट’ या जपानमध्ये बांधलेल्या रिगने तिथे तेल शोधलं, आणि १९७६ च्या मे महिन्यात उत्पादन सुरू झालं. पाणी ७५ मीटरच्या आसपास. त्याखाली मातीचे आणि शेलचे (चिखलापासून बनलेल्या पापुद्रेदार खडकाचे) थर, आणि साधारण १३०० ते १४०० मीटरवर चुनखडी, तिच्यात तेल आणि गॅस. शेल ढासळतो, चुनखडीत पोकळ्या असतात, गॅस दाबाखाली असतो. तिथे हवेवर काम भागत नाही, विहीर पूर्ण वेळ मडने भरलेली ठेवावी लागते. मड म्हणजे बेंटोनाइट, बराइट आणि रसायनं घालून वजन ठरवून तयार केलेला चिखल. तो पाइपातून खाली जातो, बिटच्या नोझलमधून सुटतो आणि बाहेरच्या फटीतून चुरा घेऊन वर येतो. पण त्याचं सगळ्यात मोठं काम म्हणजे स्वतःच्या वजनाने थराचा दाब दाबून धरणं. दहा मीटर पाण्याचा दाब चौरस सेंटिमीटरला एक किलो, हे तू शिकला आहेस. मडची घनता १.२ असेल तर १३०० मीटरवर तोच दाब १५६ किलो होतो. मड उतरला किंवा हलका झाला की खालचा गॅस वर यायला मोकळा.

मग हत्यारांकडे बघताना एकच गोष्ट मनात धर. बोअरच्या गाडीवर रॉड अडकला, तुटला, तर मालक शिव्या घालतो आणि दहा फुटांवर दुसरा पॉइंट मारतात. इथे जागा बदलता येत नाही. जे खाली गेलं ते परत वर आलंच पाहिजे, आणि आलं नाही तर ते काय आहे, किती लांब आहे, किती जाड आहे, हे वर कुणाला तरी माहीत असलंच पाहिजे. माझ्या मते रिगवरच्या हत्यारांचं सगळं शिक्षण या एका सवयीवर उभं आहे: खाली जाणारी प्रत्येक वस्तू आधी मापायची.

ही सवय मला कशी लागली ते सांगतो. साडेआठ इंची भोक चाललं होतं. खाली साडेसहा इंची कॉलर, म्हणजे बिटवर वजन देणारे जाड भिंतीचे जड पाइप. पहाटे चारच्या सुमारास पंपाचा दाब एकदम उतरला आणि वजनाच्या घड्याळाचा काटा मागे आला. कॉलरचा जोड खाली तुटला होता. वर काढून पाहिलं तर पिन जोडाच्या मुळाशी तुटलेली, कडा ताजी चकचकीत. म्हणजे तुटलेल्या तुकड्याचं वरचं टोक हे कॉलरचं बॉक्स होतं. ते पकडायचं हत्यार ओव्हरशॉट. लोखंडी घंटेसारखी वाटी असते, आत दातेरी ग्रॅपल. तुटलेल्या टोकावरून ती खाली सरकवायची, ग्रॅपल चावतं, आणि जितकं ओढाल तितकं घट्ट चावतं. आमच्या वहीत कॉलरचा व्यास लिहिला होता साडेसहा. तो लिहिला होता कॅटलॉग बघून. साडेसहाचं ग्रॅपल घालून ओव्हरशॉट उतरवला, रिकामा वर आला. परत उतरवला, परत रिकामा. एका खेपेला दहा-बारा तास. मग लेड इम्प्रेशन ब्लॉक उतरवला. त्याच्या तळाला शिशाचा मऊ गोळा असतो, तो टोकावर टेकवून वजन द्यायचं आणि वर काढून ठसा बघायचा. ठसा स्वच्छ गोल आला. टोक सरळ होतं, फाटलेलं नव्हतं. मग चावत का नाही? तेव्हा एका जुन्या टॉपमनने पाइप रॅकवर पडलेल्या त्याच लॉटमधल्या दुसऱ्या कॉलरला बाहेरून कॅलिपर लावला. झिजून ती सव्वासहा आणि एक-अष्टमांश भरली, म्हणजे साडेसहाला एक-अष्टमांश इंच कमी. ग्रॅपल बदललं, पुढच्या खेपेला तुकडा हातात. एका कॅलिपरच्या दोन मिनिटांच्या कामासाठी आम्ही तीन दिवस घालवले. त्या दिवसापासून माझ्या खिशातून वही गेली नाही.

म्हणून पहिलं काम: पाइप रॅकवर जे लोखंड येईल त्याची लांबी, बाहेरचा व्यास, आतला व्यास आणि वरच्या टोकाची पकडण्याजोगी मान किती लांब आहे, हे स्वतः मापून लिही. बिट, स्टॅबिलायझर (माळ भोकाच्या मधोमध ठेवणारा), जार, क्रॉसओव्हर (दोन वेगळ्या आट्यांना जोडणारा तुकडा), काहीही सोडू नकोस. तुला कुणी सांगितलं नाही तरी लिही. ड्रिलर एकदा तुझी वही मागेल, मग रोज मागेल.

आता विहिरीत जाणारी माळ, म्हणजे एकाला एक जोडलेले बिट, कॉलर आणि पाइप, खालून वर बघू.

सगळ्यात खाली बिट. दोन जाती. एक शंकूंची, तिला आपण ट्रायकोन म्हणतो: तीन शंकू आपापल्या बेअरिंगवर फिरतात आणि खडक चेंगरून फोडतात. हॉवर्ड ह्यूज सीनियर यांनी १९०९ मध्ये दोन शंकूंच्या बिटचं पेटंट घेतलं, तीन शंकूंचं बिट १९३० च्या दशकात आलं. दुसरी जात पीडीसी. तिच्यात हलणारा भाग नाही, कृत्रिम हिऱ्याच्या चकत्या खडक किसतात, जशी विळीवर खोबऱ्याची वाटी किसली जाते. शेलमध्ये पीडीसी पळतं. ट्रायकोनचं बेअरिंग गेलं तर शंकू खाली सुटून राहू शकतो, म्हणून किती तास फिरलं याचा हिशोब ठेवतात. बिट वर आलं की नुसतं बाजूला टाकू नकोस. कुठला दात गेला, गेज (बिटचा बाहेरचा व्यास) झिजला का, नोझल बुजलं का, हे बघ. खाली काय चाललं होतं ते बिट सांगतं.

बिटच्या वर ड्रिल कॉलर. इथे बोअरच्या माणसाची सवय उलटी करावी लागते, म्हणून जरा थांबतो. तुमच्या गाडीवर रॉड वरून दाबता येतो. इथे पाच इंची ड्रिल पाइप दीड-दोन किलोमीटर लांब असतो. इतक्या लांबीत तो पाइप दोरीसारखा वागतो: ओढला तर सरळ, दाबला तर वाकडा. वाकून फिरला की हेलकाव्याने थकून तुटतो. मग बिटवर वजन द्यायचं कसं? खाली जाड भिंतीच्या जड कॉलर लावायच्या आणि बिटवरचं सगळं वजन त्यांच्यातूनच यायला हवं. वरचा पाइप सतत ताणात राहिला पाहिजे. गवंड्याच्या ओळंब्यासारखं आहे हे: खाली जड गोळा, म्हणून वरची दोरी सरळ.

हिशोब करून बघ. आठ इंची कॉलर एक नग साधारण दोन टन. पण ती मडमध्ये बुडालेली, लोखंडाची घनता ७.८५ आणि मडची १.२, म्हणजे वजन पंधरा टक्क्यांनी कमी, १.७ टन. बिटवर १२ टन द्यायचं असेल तर सात कॉलर पुरतात. पण वजन कॉलरमध्येच राहावं म्हणून वीस टक्के राखीव धरतात, म्हणजे साडेआठ, म्हणजे नऊ. तीन नग जोडले की एक स्टँड, असे तीन स्टँड. हा हिशोब तुला तोंडी यायला हवा.

कॉलर आणि पाइप यांच्यामध्ये हेवी वेट पाइप, म्हणजे जाड भिंतीचा ड्रिल पाइप, येतो आणि त्यात कुठेतरी जार. पाइप अडकला की जार ताणून ठेवतात, आतलं तेल हळूहळू सरकतं आणि एका क्षणी हातोडा सुटतो. डेकवर उभं असताना पायाखाली तो दणका कळतो.

ड्रिल पाइपच्या जोडाबद्दल मात्र सविस्तर सांगायला हवं, कारण नवा मुलगा सगळ्यात जास्त वेळ यावरच घालवतो. बॉक्स म्हणजे आतले आटे, पिन म्हणजे बाहेरचे, तिरके चढणारे. खूप जणांना वाटतं की आटे गळती थांबवतात. तसं नाही. गळती थांबवतो तो खांदा, म्हणजे पिनची आणि बॉक्सची जिथे सपाट कडा कडेला टेकते ती जागा. ठरलेल्या टॉर्कने त्या दोन कडा एकमेकींवर दाबल्या गेल्या तरच मड आत राहतो. म्हणून जोड लावण्याआधी खांदा फडक्याने पूस आणि त्यावरून नख फिरव. नख अडकलं तर तिथे ओरखडा आहे. तिथून बारीक धार सुटेल, ती धार लोखंड कापत जाईल आणि काही तासांत जोड धुऊन निघेल. ड्रिलरला वर एवढंच दिसतं की पंपाचे स्ट्रोक तेच, पण दाब थोडा उतरला. अशा वेळी चांगला ड्रिलर वाट बघत नाही, पाइप काढायला घेतो. डोप म्हणजे जोडाचं ग्रीस. ते आट्यांवर आणि खांद्यावर सगळीकडे सारखं लाव, थापू नकोस. डबा उघडा ठेवू नकोस, पावसाळ्यात त्यात पाणी आणि मीठ दोन्ही जातं.

पकडण्याची हत्यारं तीन: स्लिप, एलिव्हेटर (पाइप उचलायची बिजागरीची कडी) आणि टाँग (जोड आवळायचा मोठा लटकता पाना).

स्लिप म्हणजे पाचरच. नांगराची पाचर ठोकतात तशी रोटरी टेबलच्या, म्हणजे फ्लोअरमधल्या फिरत्या चकतीच्या, उतरत्या तोंडात हे दातेरी तुकडे बसतात. पाइपचं स्वतःचं वजनच त्यांना आवळतं, जितकी माळ जड तितकी पकड घट्ट. तीन जणांनी एकदम उचलायच्या, एकदम सोडायच्या. हँडल धरताना तळहात वर ठेव, बोटं हँडल आणि टेबल यांच्यामध्ये येऊ देऊ नकोस. पायाने कधी ढकलू नकोस. पाइप थांबल्यावरच स्लिप घाल. चालत्या पाइपला स्लिपने थांबवायला गेलास तर पाइप चेपतो, आणि तो चेपलेला पाइप पुढे कुठेतरी फुटतो. एक गोष्ट विशेष लक्षात ठेव: पाइपला जोडापाशी जाड गळा असतो, त्यामुळे एलिव्हेटर त्याला गळ्याखाली धरतो, आणि पाइप स्लिपमधून घसरला तरी गळा स्लिपवर अडतो. साध्या कॉलरला असा गळा नसतो. म्हणून कॉलर स्लिपमध्ये असताना वर सेफ्टी क्लॅम्प लावतात आणि उचलायला लिफ्ट सब, म्हणजे गळा असलेला जोडतुकडा, लावतात. क्लॅम्प न लावता कुणी घाई करत असेल तर तू गप्प बसू नकोस. ट्रेनी असलास तरी काम थांबवायचा अधिकार तुला आहे.

टाँग दोन. एक धरते, एक फिरवते. टॉर्क म्हणजे दोरीची ओढ गुणिले हाताची लांबी, पण ओढ काटकोनात असेल तरच. दोरी तिरकी असेल तर घड्याळ सांगतं त्यापेक्षा जोड कमी आवळला जातो, आणि ते कुणाच्या लक्षात येत नाही. आता बऱ्याच रिगांवर आयर्न रफनेक आला आहे, यंत्रच जोड लावतं. तरी हातांच्या टाँगा लटकलेल्या असतातच, कारण यंत्र बंद पडतं. टाँगच्या फेऱ्यात कधी उभा राहू नकोस. दोरी तुटली तर ती कुठून कुठे जाईल, ती रेष मनात आखून मगच पाय ठेव.

उचलण्याचं काम ड्रॉवर्क्सचं, म्हणजे तार गुंडाळणाऱ्या मोठ्या रहाटाचं. ते तुला नवीन वाटणार नाही. आमच्याकडे रेवदंड्याच्या वाड्यांत रहाट असायचे, आणि मचव्यावर शीड चढवताना कप्प्या. तेच तत्त्व. वर क्राउन ब्लॉक, खाली ट्रॅव्हलिंग ब्लॉक, मध्ये तारेचे आठ, दहा, बारा पदर. दीडशे टनाची माळ दहा पदरांवर म्हणजे एका पदराला पंधरा टन, वर घर्षण. तारेने किती टन किती अंतर वाहिलं याचा हिशोब ठेवून ती ठराविक वेळी सरकवतात आणि कापतात. फिरवण्याचं काम पूर्वी रोटरी टेबल आणि केली (टेबलाबरोबर फिरणारा चौकोनी किंवा षट्कोनी पाइप) करायची, आता जवळजवळ सगळीकडे टॉप ड्राइव्ह, म्हणजे माळेच्या वरच्या टोकाला लटकलेली मोटर. त्याचा मोठा फायदा म्हणजे पूर्ण स्टँड एका दमात खोदता येतो, आणि पाइप वर काढतानाही फिरवत आणि मड चालू ठेवत काढता येतो.

मड पंप, शेल शेकर (मडमधला चुरा गाळणारी हलती चाळणी), डिसँडर आणि डिसिल्टर (वाळू आणि बारीक गाळ काढणारे) हे तू चार दिवसांत शिकशील. फक्त शेकरवर नजर ठेवायला लाग. चुरा अचानक वाढला किंवा मोठ्या चपट्या खपल्या यायला लागल्या, तर भिंत ढासळते आहे, आणि ते घड्याळांच्या आधी शेकरवरच्या माणसाला कळतं.

आता बीओपी, म्हणजे ब्लोआउट प्रिव्हेंटर, विहीर उसळली तर ती बंद करणारा. विहिरीच्या तोंडावरचा हा झडपांचा मनोरा. रॅमची झडप १९२२ मध्ये टेक्सासात जेम्स अबरक्रॉम्बी आणि हॅरी कॅमरन यांनी बनवली. वर अॅन्युलर, म्हणजे जाड रबराची कडी, जी कुठल्याही आकारावर आवळते. खाली पाइप रॅम, ठराविक पाइपवर बंद होणारे. आणि ब्लाइंड शिअर रॅम, पाइप कापून विहीर बंद करणारे. जॅकअप रिगवर, म्हणजे समुद्राच्या तळावर पाय टेकून उभ्या असलेल्या रिगवर, हा मनोरा पाण्याच्या वर, डेकखाली असतो, डोळ्यांनी दिसतो, हे आपलं भाग्य. त्याला ताकद देतो अॅक्युम्युलेटर. बाटल्यांमध्ये नायट्रोजनने दाबलेलं तेल, ३००० पीएसआयवर. वीज गेली तरी रॅम बंद व्हायला हवेत, तेही तीस सेकंदांच्या आत.

पण बीओपीवर विसंबून हत्यारं ढिली सोडणं घातक आहे. २० एप्रिल २०१० रोजी मेक्सिकोच्या आखातात माकोंडो विहिरीवर अकरा माणसं गेली. तिथे पाइप वाकून शिअर रॅमच्या मधोमध राहिला नव्हता, म्हणून तो नीट कापला गेला नाही. कापायचं यंत्र होतं, पण त्याच्या पुढ्यातली वस्तू जागेवर नव्हती.

तुझ्या हातातली दोन साधनं यात फार मोलाची आहेत. पहिलं ट्रिप टँक, म्हणजे विहिरीत किती मड गेला ते मोजायची छोटी टाकी. पाइप वर काढला की त्याच्या लोखंडाइतकी जागा विहिरीत रिकामी होते आणि तेवढाच मड वरून भरावा लागतो. पाच इंची पाइपच्या एका स्टँडमागे साधारण ११० ते १२० लिटर. पाच स्टँड काढले आणि साडेपाचशे-सहाशेऐवजी तीनशेच लिटर गेले, तर उरलेली जागा खालून कुणीतरी भरली आहे. हे आकडे पाटीवर लिहायचं काम बहुतेक ट्रेनीकडे येतं. ते कंटाळून अंदाजे लिहू नकोस. आकडा पटला नाही तर लगेच ओरडून सांग.

दुसरी, फ्लोअरवरची सेफ्टी व्हॉल्व्ह. पाइप काढताना पाइपातून मड उसळायला लागला तर ही झडप वर बसवतात. ती नेहमी उघडी ठेवलेली असते. बंद झडप उसळत्या प्रवाहावर टेकवायला गेलास तर ती बसणारच नाही, प्रवाह तिला उडवून लावतो. उघडी झडप टेकवायची, मड तिच्यातून जाऊ द्यायचा, आटे लावायचे, आणि मग चावीने बंद करायची. म्हणून ड्यूटीवर आल्यावर रोज तीन गोष्टी बघ: झडप उघडी आहे का, तिची चावी ठरलेल्या जागी आहे का, आणि आज फ्लोअरवर कॉलर असतील तर कॉलरचे आटे जुळणारा क्रॉसओव्हर शेजारी आहे का. चावी जागेवर नसल्याचं मी दोनदा पाहिलं आहे. दोन्ही वेळा ती कुणीतरी साधा बोल्ट ढिला करायला नेली होती.

केसिंगबद्दल थोडक्यात: साडेसतरा इंची भोकात १३ ३/८ चं केसिंग, सव्वाबारात ९ ५/८ चं, साडेआठात ७ चं, असं दुर्बिणीच्या नळ्यांसारखं एकातून एक उतरतं आणि प्रत्येकामागे सिमेंट जातं. हे तू कामावर बघशीलच.

आणि भोकाचं झाकण. पाइप बाहेर असताना रोटरीवर झाकण ठेवायचंच. टाँगचा एक दात, एक पाना, एक नट खाली गेला की मॅग्नेट आणि जंक बास्केट घेऊन परत पूर्ण खेप मारावी लागते. हाताने वापरायचं प्रत्येक हत्यार दोरीने मनगटाला किंवा रेलिंगला बांधून वापर.

तुझा शेवटचा प्रश्न, सोबत काय न्यायचं. बूट, हेल्मेट, कव्हरऑल कंपनी देते. तू बाहेरचा आणि आतला असे दोन कॅलिपर, तीन मीटरचा स्टीलचा टेप, इंच आणि मिलिमीटर दोन्ही असलेला, पाणी लागलं तरी न फाटणारी एक छोटी वही आणि चार पेन्सिली ने. पेन नको, डोपच्या हातांनी पेन चालत नाही. जून ते सप्टेंबरमध्ये जात असशील तर हेलिकॉप्टर हवामानामुळे पुढे ढकललं जातं, चौदा दिवसांच्या पाळीचे सोळा-सतरा होतात, तेवढी औषधं जास्त घे. आणि बोटात अंगठी असेल तर ती निघताना घरी आईकडे दे. स्लिपच्या हँडलला अंगठी अडकून बोट गेलेला माणूस माझ्याच शिफ्टमध्ये होता.